सातव्या रांगेतला आवाज

व्हर्जिल : ऊठ आता. दिवे मालवायला लागलेत.

एल्डन : गर्दी जाऊ दे की पुढे.

व्हर्जिल : कसली गर्दी? हॉलमध्ये तू, मी आणि ती पॉपकॉर्नचं यंत्र पुसणारी बाई. बाकीचं ओस्टबी गाव मध्यंतरालाच घरी गेलं. जाताना माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मीच खेळवतोय कॉलेजच्या पोरींना.

एल्डन : बघू देत. ज्याला हरणं बघवत नाही त्यानं बास्केटबॉलच्या मॅचला येऊ नये.

व्हर्जिल : वा! हे कोण बोलतंय? एल्डन ब्रेक्के? तो डालग्रेन कोच होता तेव्हा ओळीनं हरत सुटलो होतो आपण. तेव्हा तू इथेच, याच सातव्या रांगेत उभा राहून काय ओरडला होतास?

एल्डन : आठवत नाही.

व्हर्जिल : "डालग्रेन, दर मॅचला जाकीट बदलतोस, एकदा डोकं बदलून बघ!" अख्खा हॉल हसला. पंचाच्या तोंडातली शिट्टी पडली. तेव्हापासून बिचाऱ्यानं दुसरं जाकीट अंगाला लावलं नाही.

एल्डन : आणि पुढच्या तीन मॅच जिंकला.

व्हर्जिल : म्हणजे आठवतंय. आणि तो हॉबर्ट? त्याच्यासाठी गाईच्या गळ्यातली घंटा आणायचास. टाइमआउट घ्यायची वेळ झाली की वाजवायचास.

एल्डन : झोपायचा तो. डोळे उघडे ठेवून झोपायचा बाकावर. माणसाला उठवायला नको?

व्हर्जिल : मी कुठे नको म्हणतोय? घंटा माझ्याच गोठ्यातली होती. सांगायचं एवढंच, की या कॉलेजात नवीन कोच आला की त्याला आधी हॉल दाखवायचे आणि मग तुला दाखवायचे. "हे आमचे एल्डन, धान्याचं गोदाम चालवतात, यांच्यापासून सांभाळा." आणि आता गेले तीन हिवाळे तू इथे बसतोस ते चर्चमध्ये बसल्यासारखा. खोकला आला तर तोही रुमालात.

एल्डन : वय झालं.

व्हर्जिल : वय काय, सोल्वे कोच झाली त्याच दिवशी झालं?

एल्डन : तुझी टोपी पडलीये खाली. उचल.

व्हर्जिल : हे बघ, मुलगी आहे तुझी, मला कळतं. माझीही धर्ममुलगी आहे. बाप्तिस्म्याला मीच धरली होती, याच टोपीवर ओकली होती. पण बुधवारी आपल्या संघ-समर्थक मंडळाची बैठक आहे.

एल्डन : मंडळाचा अध्यक्ष मी आहे, व्हर्जिल. विषय मला माहीत आहे.

व्हर्जिल : विषय एकच आहे. कोच बदला म्हणून कॉलेजला सांगायचं की नाही.

एल्डन : माहीत आहे म्हटलं ना.

व्हर्जिल : मग आजारी पड.

एल्डन : काय?

व्हर्जिल : बुधवारी. ताप आला म्हण. दुसरा कोणीतरी खुर्चीवर बसेल, हात मोजेल, काय व्हायचं ते होईल. गावात कोणी तुला नावं ठेवणार नाही.

एल्डन : मी कधी आजारी पडलोय?

व्हर्जिल : मग शिक.

एल्डन : आणि तू? तू काय करणार आहेस?

व्हर्जिल : मी हात वर करणार.

एल्डन : कशासाठी?

व्हर्जिल : बदला म्हणून. पाठीमागे करण्यापेक्षा तोंडावर सांगतो. पोरगी गुणी आहे, कष्टाळू आहे, त्यात वाद नाही. पण तिच्या हाताखाली संघ सुकत चाललाय, एल्डन. चांगल्या काळ्या जमिनीत मका पिवळा पडावा तसा. ती ब्रिटा, चिमुरडी, शाळेत होती तेव्हा वाऱ्यासारखी पळायची. आता चेंडू हातात आला की गरम बटाटा आल्यासारखी टाकून देते. आणि ती उंच अचोल! त्या पोरीला बास्केटखाली उभी करायची सोडून तुझी लेक तिला लांब कोपऱ्यात पाठवते. का? मला तर काही कळत नाही.

एल्डन : झालं बोलून?

व्हर्जिल : झालं.

एल्डन : मग आपल्या गाडीनं घरी जा.

व्हर्जिल : माझी गाडी गॅरेजात आहे. तुझ्याबरोबर आलोय मी.

एल्डन : ...चल. पण वाटेत बोलायचं नाही.

व्हर्जिल : नाही बोलत. खिडकीतून बर्फ बघत बसतो.

*

सोल्वे : बाबा, खिमा-राजम्याची चिली अजून वाढू?

एल्डन : नको, पुरे.

सोल्वे : दालचिनीचा रोल चिलीत बुडवून तसाच धरून बसलायत. अर्धा विरघळला तो. चर्चमधून सरळ माझ्याकडे जेवायला आलात तेव्हाच ओळखलं, पोटात काहीतरी घेऊन आलायत.

एल्डन : तुझ्या आईनं फोन केला असेल.

सोल्वे : आई नेहमीसारखी घरी टीव्हीवर मॅच बघत होती. इतकी वर्षं म्हणायची, टीव्हीचा आवाज बंद करता येतो, तुझ्या बापाचा करता येत नाही. आता म्हणते, हॉलमध्ये यायला हरकत नाही, बाप निवलाय.

एल्डन : सोल्वे, मी सरळच बोलतो. बुधवारच्या आधी तू राजीनामा दे.

सोल्वे : अच्छा. यासाठी रोल भिजत होता.

एल्डन : ऐक तर. तू होऊन सोडलंस तर बैठकीला काही अर्थच उरत नाही. कोणाला हात वर करावा लागत नाही. तू मान वर करून बाहेर पडतेस. एक मॅच उरली आहे, ग्रँथमबरोबर. ग्रँथमला यंदा कोणी हरवलेलं नाही. ती मॅच तरी कशाला अंगावर घ्यायची?

सोल्वे : हे माझ्यासाठी चाललंय की अध्यक्षांसाठी? तुम्हाला खुर्चीवर बसून ते हात मोजायला लागू नयेत म्हणून?

एल्डन : बापाशी असं बोलतात?

सोल्वे : बापाशी नाही बोलत. बापाशी तीन वर्षं बोलतेच आहे. "गाडीला बर्फाचे टायर लावलेस का? जेवलीस का?" मला सातव्या रांगेतल्या एल्डन ब्रेक्केशी बोलायचंय. तो कुठे गेला?

एल्डन : तो म्हातारा झाला.

सोल्वे : खोटं. गेल्या महिन्यात गोदामावर त्या ट्रकवाल्यावर ओरडलात ते मला कॉलेजच्या फाटकापाशी ऐकू आलं.

एल्डन : तुला काय पाहिजे सोल्वे? तीनशे माणसांसमोर मी माझ्या पोटच्या पोरीला घालून पाडून बोलू?

सोल्वे : हो.

एल्डन : हो?

सोल्वे : बाबा, मी खेळ कुठे शिकले माहीत आहे? तुमच्या मांडीवर. दुसऱ्यांच्या पोरांना बाप गोष्टी सांगायचे, मला तुमच्या शिव्या ऐकू यायच्या. "हॉबर्ट, डावी बाजू उघडी आहे, तुझ्या सदऱ्यासारखी!" मी बघायची, तर खरंच डावी बाजू उघडी असायची. आणि सदरासुद्धा. डालग्रेनला ओरडलात की मी मनात म्हणायची, एक दिवस मी तिथे उभी राहीन आणि बाबा माझ्यावर ओरडतील. लहानपणी बाकीच्या मुलींना राजकन्या व्हायचं असतं. मला तुमच्या शिव्या खायच्या होत्या.

एल्डन : वेडी आहेस.

सोल्वे : असेन. मी कोच झाले त्या पहिल्या मॅचला आम्ही घाण खेळलो. घाण! मी बाकापाशी उभी, कान टवकारून. आता उठतील, आता उठतील. तुम्ही उठला नाहीत. दुसऱ्या मॅचला नाही, तिसऱ्याही नाही. मग मला कळलं. या माणसानं सगळ्या कोचना शिव्या दिल्या, कारण त्याला वाटायचं ते याहून चांगलं करू शकतात. माझ्याबद्दल वाटत नाही. मी त्याच्या लेखी कोचच नाही. मी बिचारी आहे.

एल्डन : असं... असं नाही ते.

सोल्वे : मग कसं आहे?

एल्डन : उठतो, तोंड उघडतो, आणि तू तिथे उभी दिसतेस. केस मागे बांधलेले, हातात पाण्याची बाटली घट्ट धरलेली. दहा वर्षांची दिसतेस मला. मग बसतो खाली.

सोल्वे : मी चाळिशीला आले, बाबा.

एल्डन : मला दिसायला पाहिजे ना ते.

सोल्वे : आज दिसू दे. ऑफिस नाही, हॉल नाही, माझं स्वयंपाकघर आहे. काय चुकतंय ते सांगा. एकही शब्द गिळायचा नाही.

एल्डन : नंतर रडायचं नाही.

सोल्वे : रोल संपवा आधी. हं.

एल्डन : अचोलला कोपऱ्यात का पाठवतेस? देवानं त्या पोरीला जिराफाएवढी केली ती काय बाहेरून पास द्यायला? बास्केटखाली उभी कर, पडतील तेवढे चेंडू हातानं वेचेल. हे शाळकरी पोरालाही कळतं.

सोल्वे : तिचा गुडघा.

एल्डन : काय झालंय गुडघ्याला?

सोल्वे : खाली उभी राहिली की दर उडीला कोणाच्या तरी पायावर उतरते. डॉक्टरांनी सांगितलंय, अजून एकदा वाकडा पडला तर खेळ संपला, आणि शिष्यवृत्तीवरही टांगती तलवार. तिला खेळायचंय, म्हणून बाहेर ठेवते. हे ग्रँथमवाल्यांना कळलं तर ते मुद्दाम त्याच पायावर धावून जातील, म्हणून कुठे बोलले नाही. तुम्हीही बोलायचं नाही. व्हर्जिलकाकांनासुद्धा नाही.

एल्डन : तीन महिने गाव तुला त्याच्यावरून मूर्ख म्हणतंय.

सोल्वे : म्हणू दे. गुडघा तिचा आहे.

एल्डन : ...हं. सातव्या रांगेतून गुडघा दिसत नाही.

सोल्वे : नाही दिसत. पुढे बोला.

एल्डन : राहू दे.

सोल्वे : बाबा.

एल्डन : बरं. मग ऐक. ब्रिटा. ती चुकली की तू लगेच बाहेर बोलावतेस. दुसरी चुकली, तिलाही. तुझा हात कायम हवेत. आता काय झालंय, पोरींच्या हातात चेंडू आला की त्या आधी तुझ्याकडे बघतात आणि मग बास्केटकडे. तेवढ्यात समोरची बाई चेंडू घेऊन पार पलीकडे. तू त्यांना चुका न करायला शिकवलंस. खेळायला नाही शिकवलंस.

सोल्वे : खेळायला नाही शिकवलं?

एल्डन : तूच म्हणालीस, गिळायचं नाही.

सोल्वे : नाही, बोला. असंच आहे का? खरंच आधी माझ्याकडे बघतात?

एल्डन : वरून स्पष्ट दिसतं. तुला कसं दिसेल? तुला वाटतं त्या तुझं ऐकायला बघतात. त्या घाबरून बघतात. आणि त्या घाबरतात कारण तू घाबरलेली आहेस. तू कशाला घाबरतेस एवढी? नोकरी जाईल म्हणून?

सोल्वे : नोकरी गेली तर जाईल. मला वाटायचं, एकही चूक झाली नाही, एकदम स्वच्छ मॅच झाली, तर तुम्ही... काही तरी बोलाल.

एल्डन : अगं पोरी.

सोल्वे : राजीनामा नाही देणार मी. मंडळाला काय ठरवायचं ते ठरवू दे. तुम्ही खुर्चीवर बसा, आजारी पडू नका. आणि शनिवारी येताना घसा घरी ठेवून येऊ नका.

एल्डन : व्हर्जिल हात वर करणार आहे.

सोल्वे : माहीत आहे. काल रात्री फोन करून सांगितलं त्यांनी. म्हणाले, "तुझा बाप माझ्याशी बोलत नाही, तू तरी बोल."

*

व्हर्जिल : शेंगदाणे घे.

एल्डन : नको.

व्हर्जिल : बुधवारचा राग अजून आहे का?

एल्डन : राग कसला? हात वर केलास, मी मोजला. बाकीच्यांचे मोजले तसा तुझाही मोजला.

व्हर्जिल : आणि बहुमतानं ठरलं, कोच बदला म्हणून. कॉलेजला कळवलंसही तूच, स्वतःच्या सहीनं. पण गड्या, त्या बैठकीत तू सोल्वेच्या एवढ्या चुका काढल्यास, आमच्यापैकी कोणाला अर्ध्याही दिसल्या नव्हत्या. मला वाटलं आता हा पहिला हात वर करणार. आणि शेवटी म्हणतोस काय, "म्हणून माझं मत, तिला ठेवा." लोक गोंधळलेच.

एल्डन : कोचला शिव्या देणं हे आपलं काम. काढणं-ठेवणं हे ज्यांनी नेमलं त्यांचं.

व्हर्जिल : हे तुला डालग्रेनच्या वेळी सुचलं नव्हतं.

एल्डन : नव्हतं. पोटचं माणूस तिथे उभं राहिल्यावर सुचलं. चल, मध्यंतर संपलं, पोरी आल्या.

व्हर्जिल : फार मागे नाही आपण. ग्रँथमसारख्या संघापुढे हेही खूप झालं. अरे, अरे ब्रिटा! दिला बघ चेंडू त्यांच्या हातात! गेली. बास्केट. आणि उठला बघ तुझ्या लेकीचा हात. बोलावलं बाहेर. पोर मान खाली घालून येतेय. आता ही बाकावर बसून टॉवेलात तोंड लपवणार. एल्डन? एल्डन, कुठे चाललास? अरे, उभा का राहिलास? लोक बघतायत.



एल्डन : सोल्वे ब्रेक्के! अगं, ए कोच! शेतातल्या बुजगावण्यासारखी हात पसरून काय उभी आहेस? बुजगावणं पाखरांसाठी असतं, आपल्याच पिकासाठी नसतं! तुला बघून आपला मका वाढायचा थांबलाय!

व्हर्जिल : अरे देवा.

एल्डन : पोरीला एक चूक तरी धड पुरी करू दे! अर्धवट चुका करून कोणी शहाणं झालंय का? सोड तिला आत!

व्हर्जिल : एल्डन, बस. सगळे मागे वळलेत. ती पण वळली. तिनं बघितलं तुला.

सोल्वे : सातवी रांग! शेवटच्या ओळीत ऐकू आलं नाही! जरा मोठ्यानं!

व्हर्जिल : हसतेय ती! एल्डन, तुझी लेक हसतेय. तीन वर्षांत तिचे दात मी पहिल्यांदा बघतोय. सगळा हॉल हसतोय. अरे, तो पंचसुद्धा!

सोल्वे : ब्रिटा, ऊठ. टॉवेल ठेव. आत जा. चुकलीस तर बोलावणार नाही. पुन्हा चुकलीस तरी नाही. माझ्याकडे बघितलंस तर मात्र लगेच बोलावीन. कळलं? तुम्हा सगळ्यांनाच सांगतेय. मी दिसायला काही एवढी चांगली नाही. बास्केटकडे बघा.

व्हर्जिल : काय सांगितलं तिनं त्यांना? पळायला लागल्या की पोरी! ही बघ, ही बघ ब्रिटा. चुकला तो पास! पण बघ, गेली मागे धावत, घेतला परत काढून. वा गं वा!

एल्डन : डावी बाजू उघडी आहे, सोल्वे! अख्खी ट्रॅक्टरट्रॉली जाईल तिथून!

व्हर्जिल : आता थांबू नकोस. ओरड. तुझ्या मागचेही उठले. अरे ती घंटा कुठे आहे?

एल्डन : अचोलला पास द्या! कोपऱ्यात, कोपऱ्यात! उभी आहे ती कधीची, पोस्टाच्या पेटीसारखी!

व्हर्जिल : दिला. टाकतेय ती. एवढ्या लांबून? गेला! आत गेला! कोपऱ्यातून! म्हणजे सोल्वे उगाच नव्हती पाठवत तिला तिथे!

एल्डन : नव्हती.

व्हर्जिल : तुला माहीत होतं?

एल्डन : तू खेळ बघ.

व्हर्जिल : एका गुणाचं अंतर राहिलं. टाइमआउट घेतला तिनं.

एल्डन : आत्ता? आत्ता टाइमआउट? अगं, पोरी गरम झाल्या होत्या, त्यांच्यावर पाणी कशाला ओतलंस? तुझ्यापेक्षा तो हॉबर्ट बरा, झोपेत तरी असायचा!

सोल्वे : अचोलला दम लागलाय! सातव्या रांगेतून दिसत नसेल!

एल्डन : दिसतंय मला सगळं!

व्हर्जिल : दोघंही गप्प बसा आता, सुरू झालं. ब्रिटाकडे आहे. आत घुसली. अरे, तिच्या अंगावर दोघी... सोडला चेंडू. मिळाला कोणाला? आपल्याच पोरीला. पुन्हा ब्रिटा. टाक! टाक की गं बये! गेला! एल्डन, गेला! पुढे गेलो आपण! वेळ संपली. संपली ना? संपली! ग्रँथमला हरवलं! अरे, हरवलं रे ग्रँथमला!

एल्डन : तो टाइमआउट चुकलाच होता.

व्हर्जिल : अरे माणसा, जिंकलो आपण! आणि तू रडतोयस.

एल्डन : रडत नाही. घसा बसलाय. सवय राहिली नव्हती.

*

सोल्वे : इकडून या, बाबा, तिथे पाणी सांडलंय. पोरींनी माझ्या डोक्यावर बादली ओतली.

एल्डन : कोरडी हो आधी. सर्दी होईल.

सोल्वे : हे बाप बोलला. एल्डन काय म्हणतो?

एल्डन : एल्डन म्हणतो, आज तू खेळवलंस. तीन वर्षांत आज खेळवलंस.

सोल्वे : हं.

एल्डन : आता बघतोच मी मंडळाकडे. सोमवारी पुन्हा बैठक बोलावतो. ग्रँथमला हरवणाऱ्या कोचला काढायला कोण हात वर करतो ते बघू. व्हर्जिलला तर तिथे नाचायला लावतो.

सोल्वे : नका बोलावू.

एल्डन : का?

सोल्वे : झालंय ते. क्रीडा संचालकांनी सकाळीच बोलावून घेतलं. पुढच्या वर्षीचा कोच ठरला आहे. चांगले होते बोलायला. कॉफी दिली.

एल्डन : सकाळी? म्हणजे मॅचच्या आधी? तुला माहीत होतं?

सोल्वे : हो.

एल्डन : आणि तरी तिथे उभी राहून हसत होतीस?

सोल्वे : मग काय करू? भर हॉलमध्ये तुम्ही मला बुजगावणं म्हणालात. हॉबर्टला इतकी लांब शिवी कधी दिली नव्हती. डालग्रेनलाही नाही. मी सगळ्यांच्या वर गेले.

एल्डन : मी आत जातो त्या संचालकाकडे. उठवतो त्याला. ही काय पद्धत झाली?

सोल्वे : बाबा, थांबा. हरलेल्या मॅचही माझ्याच आहेत ना? आजची जेवढी माझी आहे तेवढ्याच त्याही. त्यांनी त्या मोजल्या, त्यांचं काही चुकलं नाही. मला फक्त शिकायला उशीर लागला.

एल्डन : उशीर मलाही लागला.

सोल्वे : मग एकत्र जाऊ. आई बाहेर गाडीत बसलीये, माहीत आहे? हॉलमध्ये आली होती आज. सगळ्यात मागच्या ओळीत. म्हणाली, "आवाज घरापर्यंत येणारच होता, म्हटलं समोरून ऐकावा."

एल्डन : आणि काय म्हणाली?

सोल्वे : म्हणाली, "तुझ्या बापाचं टाइमआउटबद्दल बरोबर होतं."

*

व्हर्जिल : हळू चालव. बर्फ काढणारा नांगर अजून या रस्त्याला आलेला नाही. बर्फाखाली रस्ता कुठला नि शेत कुठलं कळत नाही.

एल्डन : कळतंय मला.

व्हर्जिल : सोल्वेच्या नव्या हायस्कूलच्या पोरींची मॅच बघायला एवढ्या लांब एल्म फोर्कला यायचं, तेही असल्या हवेत! आणि बघितलं काय, तर सपाटून मार. मी तर पॉपकॉर्न आणायला गेलो, परत येईपर्यंत मॅच हातची गेलेली.

एल्डन : पहिला हिवाळा आहे तिचा इथला. पोरी कोवळ्या आहेत. त्या तिघी-चौघी मात्र पळतात बघ, मागे न बघता. दोन वर्षं दे तिला.

व्हर्जिल : तू असा बोलतोयस जसा काही जिंकून आलोय.

एल्डन : तुला दिसलं नाही, त्यात माझा काय दोष?

व्हर्जिल : आणि मला सांग, तू आज एकदाही ओरडला नाहीस. मी कान झाकून बसलो होतो. पुन्हा वय झालं की काय?

एल्डन : जागाच मिळाली नाही ओरडायला. माझ्या शेजारी तो लाल टोपीवाला नव्हता का?

व्हर्जिल : तो आडदांड? त्यानं तर पहिल्या शिट्टीपासून सोल्वेला फाडून खाल्लं. काय एकेक बोलत होता! तुझ्या जागी मी असतो तर कॉलर धरली असती. तू त्याला सांगितलंस ना, ती माझी मुलगी आहे म्हणून?

एल्डन : नाही.

व्हर्जिल : का रे?

एल्डन : बरोबर बोलत होता. उजवी बाजू उघडी होती, ते माझ्या आधी त्याला दिसलं. आणि मॅच हातची गेल्यावर बाकीचे उठून गेले, तो गेला नाही. शेवटपर्यंत उभा राहून शिव्या देत होता, मनापासून.

व्हर्जिल : मग?

एल्डन : मग काय? पोर चांगल्या घरी पडली, व्हर्जिल.